शेडमध्ये कोंबड्यांची अचानक मर लागली तर

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या पोल्ट्रीवाल्यांना वाटतं, पशुवैद्यक आपण बोलावले तरच येतात. तसं नाही. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार बर्ड फ्लूसारख्या रोगाचा संशय असेल तर पशुवैद्यकाला शेडमध्ये शिरून तपासणी करता येते, नमुने घेता येतात, शवविच्छेदन करता येतं. त्यासाठी पुरलेला पक्षीसुद्धा उकरून काढता येतो. म्हणजे रात्रीतून खड्डा करून मोकळं होण्यात अर्थ नाही. उलट, मर दिसताच ग्रामपंचायतीला कळवणं आणि आजारी पक्षी वेगळे करणं ही मालकाचीच कायदेशीर जबाबदारी आहे.

नमुना बिघडला की सगळंच लांबतं. श्वासनलिकेतला आणि गुदद्वारातला स्वॅब विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, बर्फावर, साधारण ४ अंशांना जायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या अवयवातून जिवंत विषाणू मिळत नाही. मेलेला पक्षी शेडवर फाडू नका. अख्खा, ताजा, एकात एक तीन पिशव्यांत बांधून द्यावा. बर्ड फ्लूचं शिक्कामोर्तब भोपाळची प्रयोगशाळा करते. निकाल होकारार्थी आला की शेडपासून १ किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र, त्यापुढे १० किलोमीटरपर्यंत निगराणी. (नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, तेव्हा त्यांच्यातून रोग शेडमध्ये येऊ नये म्हणून आसपासच्यांनी पाण्याची टाकी उघडी ठेवू नये.)

भरपाई मिळते ती रोग रोखण्यासाठी सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून कळवायला उशीर महागात पडतो. पक्ष्यांच्या खरेदीच्या पावत्या आणि रोजच्या मरतुकीची वही शेडबाहेर, घरी ठेवा.