ताटावरची तार

जेवण संपत आलं की आजोबांचा चमचा ताटावर वाजायला लागायचा. टक, टक, खर्र, टक. समोरच्या बाकावरच्या आज्या कपाळाला आठ्या घालायच्या. कुणी म्हणे सवय, कुणी म्हणे वय. शेवटी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी तोडगा काढला. आजोबांचं स्टीलचं ताट गेलं आणि मेलामाईनचं आलं. त्यावर चमचा वाजेना. पुढच्या आठवड्यात आजोबांच्या वहीत नोंद झाली, 'भूक मंदावली आहे.'

मी एका रविवारआड तिथं पेपर वाचून दाखवायला जातो. अग्रलेखाला कुणी विचारत नाही. राशिभविष्य आधी, मग निधनवार्ता, मग उरलाच वेळ तर जग. असाच एकदा 'अल्पशा आजाराने'पासून 'पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे'पर्यंत वाचत गेलो, तर आजोबा म्हणाले, "केवढे शब्द उधळले! आमच्याकडे चारात भागायचं. फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. सीरियस म्हणजे काय ते घेणाऱ्याला बरोबर कळायचं."

"आमच्याकडे म्हणजे?"

"तार ऑफिसात. चौतीस वर्षं."

म्हणजे तो चमचा तारेची मोर्स भाषा बोलत होता! टिचकी मारली की बिंदू, ओढला की रेघ. मी विचारलं, "रोज काय पाठवायचात?" आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमटीत मीठ नाही."

त्या दिवशी पेपर बाजूलाच राहिला. शुभेच्छांच्या तारांची ठरीव वाक्यं असत आणि प्रत्येकाला नंबर असे, हे मी ऐकून होतो. पण तारेतून नुसता आकडा जायचा आणि पलीकडचा तारबाबू तो वाचून अख्खं वाक्य लिहायचा, हे आजोबांनी हाताने करून दाखवलं. लग्नाचा नंबर आठ. दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. "लग्नसराईत आठ वाजवून वाजवून मनगट धरायचं. किती जणांचे संसार या बोटांनी लावून दिलेत, मोजदाद नाही." २०१३च्या जुलैत तारसेवाच बंद झाली. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मोर्स त्याच्या कितीतरी आधीच गेलं होतं. टेलिप्रिंटर आला, मग संगणक. माणसाला शेवटचं वाईट वाटतं ते पेपरात फोटो येतो म्हणून."

उठताना मी कचेरीत प्रवेशाचा कोरा अर्ज मागून पाहिला. रक्तगट, साखर, रक्तदाब, कवळी आहे किंवा नाही, पथ्य, रात्री किती वेळा उठावं लागतं, अडीअडचणीला कळवायचा फोन. अगदी तळाला 'पूर्वीचा व्यवसाय', अर्धी ओळ. तिथं बायकांच्या नावापुढे काय लिहितात, असं विचारलं. व्यवस्थापक म्हणाले, "गृहिणी. दुसरं काय लिहिणार?"

अशा गृहिणींपैकी एक जिन्याशेजारच्या खोलीतल्या आजी. वय अठ्ठ्याऐंशी, डोळ्याला जाड भिंग. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. इथल्या एका परिचारिकेचा भाऊ फोनवर एका जुन्या कागदाचा फोटो घेऊन फिरत होता. बहिणीने सहज तो मोठा करून मैत्रिणीला दाखवला, तर आजी मागून वाचायलाच लागल्या. शाळेत पाटीवर शिकल्या होत्या. आधी आडवी रेघ पूर्ण आखून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं टांगत जायची. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. "म्हणून तर मोडीत माझ्या चुका कधी निघाल्या नाहीत," असं त्या म्हणाल्या. त्या कागदात कुणबी निघाला नाही. एका बैलाच्या किमतीवरून दोन भावांचं झालेलं भांडण निघालं. पोरगा हिरमुसला. आजींनी मात्र पुढचे चार दिवस जेवताना थोरल्या भावाची बाजू लावून धरली.

प्रत्येकाला आपलं काही उकरून काढलेलं आवडतं असं समजू नये. एक आजी उत्तम पुरणपोळ्या करायच्या, असं त्यांच्या सुनेनेच सांगितलं. मी जरा उत्साहाने विषय काढला. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं लाटल्या. आता कुणी दुसऱ्याने लाटलेली खाऊ दे मला." मी गप्प बसलो. सणावाराला मंडळं येतात, हातात माईक देऊन 'आजी, एक गाणं म्हणा' म्हणतात, टाळ्या होतात, चिकूचा एकेक तुकडा मिळतो आणि फोटो निघतात. त्या दिवशी याच आजी न चुकता पोट दुखतं म्हणून झोपून राहतात.

गेल्या मार्गशीर्षात स्वयंपाकाच्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवतासाठी त्यांनी रव्याचा घट्ट गोळा भिजवून आणला आणि दुपारी बायकांमध्ये ठेवला. खिडकीशी एक आजी बसतात. स्वतःच्या मुलालाही त्या ओळखत नाहीत, मला दर वेळी 'पोस्टमन का?' विचारतात. त्यांनी न सांगता चिमूटभर गोळा घेतला, अंगठा आणि बोटाच्या मध्ये दोऱ्यासारखा ओढला आणि गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले झरझर ताटात पडू लागले. सगळे एका मापाचे, दोन्ही टोकांना निमुळते. मग मालत्या. मग नखाने दाबून नखुले. मग त्यांनी हात पुढे करून कंगवा मागितला. कुणाला कळेना. पुरणपोळीवाल्या आजी उठल्या, स्वतःची फणी धुऊन घेऊन आल्या आणि तिच्या दातांवर गोळी दाबून पहिलं फणुलं त्यांनीच वळलं. "हे एवढंच हं," म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसल्या.

ताट भरलं. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात आजोबांनी पलीकडून एक रिकामं स्टीलचं ताट ओढून घेतलं. चमच्याच्या तीन लांब ओढी आणि दोन टिचक्या.

मोडीवाल्या आजींनी भिंगातून त्यांच्याकडे पाहिलं.

"आठ," त्या म्हणाल्या.