चामखिळीसकट

एखाद्याचं चित्र काहीही न लपवता उभं केलं की इंग्रज त्याला ‘वार्ट्स अँड ऑल’ म्हणतो. चामखिळीसकट. आपण ‘गुणदोषांसह’ म्हणून मोकळे होतो. त्यात दोष नेमका कुठे बसलाय ते कळत नाही. इंग्रजी दोषाला मात्र पत्ता आहे: ऑलिव्हर क्रॉमवेल (सतराव्या शतकात राजाला हटवून इंग्लंडचा कारभार हाती घेणारा), खालच्या ओठाच्या जरा खाली. दुसरा, उजव्या डोळ्याच्या वर.

चित्रकार पीटर लेलीला त्यानं म्हणे बजावलं होतं, पुटकुळ्या, चामखिळी, सगळं चित्रात दाखव, नाहीतर दमडी मिळणार नाही. ही गोष्ट होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं छापली ती 1760 च्या दशकात. क्रॉमवेल 1658 मध्येच वारलेला. आणि लेलीच्या चित्रातला चेहरा बहुधा लघुचित्रकार सॅम्युअल कूपरच्या चिमुकल्या चित्रावरून उचललेला. म्हणजे चामखीळ पाहिली एकानं, नाव झालं दुसऱ्याचं!

असल्या चिमुकल्या चित्राला वासराचं पातळ कातडं पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवून घोटायचं. त्यावर अंगकांतीच्या रंगाचा एकसारखा हात. रंगात डिंक जास्त झाला तर थर चकाकतो, मग तडकतो. कमी पडला तर बोट लागताच पूड निघते. चेहरा खारीच्या केसांच्या कुंचल्यानं, बारीक रेघा आणि ठिपक्यांनी भरायचा. आणि चामखीळ? नवशिका तिला तपकिरी टिकली लावतो, भोवती रेघ ओढतो. झाली माशी बसल्यासारखी. ती उठते रंगानं नाही, उजेडानं: खिडकीच्या बाजूला एक फिका ठिपका, पलीकडे उबदार सावली, कडा कातडीत विरलेली. चार-पाच स्पर्श, बस्स. सहाव्याला बिघडते.

कूपरनं चेहरा पुरा केला, बाकीचं अर्धवटच सोडलं. लेली पुढे दुसऱ्या चार्ल्सचा दरबारी चित्रकार झाला. त्याच्या दरबारी सुंदऱ्या पाहाव्यात, सगळ्यांचे डोळे तसेच झोपाळू. चामखीळ एकीलाही नाही.

राजेशाही परतल्यावर, 1661 मध्ये क्रॉमवेलचं प्रेत उकरून फासावर टांगलं, मुंडकं वेस्टमिन्स्टर हॉलवर खांबाला टोचलं. ते पुढे हातोहाती फिरत राहिलं. 1930 च्या दशकात कार्ल पिअरसन आणि मोरंट या संशोधकांनी ते सुकलेलं डोकं क्रॉमवेलच्या चेहऱ्याच्या मुखवट्यांशी, चित्रांशी ताडून पाहिलं. उजव्या डोळ्यावर चामखिळीची जागा सापडली.

1960 मध्ये ते केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात पुरलं. नेमकं कुठे, ते कॉलेज सांगत नाही.