१२७ वा खासदार: कल्पित मंगोल देशाची संसद मंजूर करून घेताना

कल्पित देशांच्या स्पर्धेत या वर्षी कोणी उतरणार असेल तर आधीच सांगतो: फॉर्म पान सहापासून भरायला घ्या. नकाशा आणि लोकसंख्या पान सहावर आहे. विधिमंडळ पान दोनवर. कोणत्या शहाण्याने हा क्रम लावला माहीत नाही, पण त्याच्यापायी माझे अकरा आठवडे गेले.

स्पर्धा अशी, की इतिहासाला कुठेतरी एक वळण द्यायचं आणि त्यातून आज उभा राहिला असता तो देश कागदावर चालवून दाखवायचा. मी मंगोलिया घेतला. १९११ साली चीनमधली मांचू सत्ता डळमळली आणि बोग्द खानाच्या, म्हणजे मंगोलांच्या बौद्ध धर्मगुरूच्या, नावाने स्वातंत्र्य जाहीर झालं. तेव्हा आतल्या मंगोलियातल्या (हा आज चीनमधला प्रदेश) बऱ्याच होशूनांनी, म्हणजे आपल्या संस्थानांसारख्या मुलखांनी, त्याच्या बाजूने कौल दिला होता. पण १९१५ च्या क्याख्ता कराराने बाहेरच्या मंगोलियाच्या, म्हणजे आजच्या मंगोलिया देशाच्या, पदरात चीनच्या नाममात्र अधिराज्याखालची स्वायत्तता तेवढी पडली. आतला मंगोलिया चीनकडेच राहिला. माझं वळण इथे: करार फिसकटतो, दोन्ही मंगोलिया एकत्र होतात आणि पुढे रशियातला बुर्यातियाही येऊन मिळतो. ध्वज, चलन, रेल्वे, सगळं एका रविवारात उरकलं.

विधिमंडळाच्या पानावर मी ऐटीत लिहिलं, ‘कुरुलताई’. तीन दिवसांत परत. शेरा: ‘हे खान निवडणाऱ्या सरदारांच्या बैठकीचं नाव. मतदार कुठे आहेत?’ बरोबरच होतं. १२०६ साली ओनोन नदीच्या उगमापाशी तेमुजिनला चंगीझ खान केला तो कुरुलताईत, तिथे कोणी मत टाकायला रांगेत उभं नव्हतं. आजचा शब्द खुराल. मंगोलियाची संसद म्हणजे इख खुराल, मोठी सभा. बुर्याती आणि काल्मिक लोकांच्या, रशियात असलेल्या विधिमंडळांनाही लोकांचा खुराल म्हणतात. रशियातल्याच तुवातले लोक तुर्की भाषाकुळातली भाषा बोलणारे, तरी त्यांच्याही विधिमंडळाच्या नावात खुराल आहेच. नाव बदललं, पंधरा मिनिटांचं काम.

मग आला तो रकाना. ‘आसनसंख्या, प्रदेशवार वाटप, वाटपाचं सूत्र.’

आसनसंख्या सोपी वाटली. खऱ्या मंगोलियात १९९२ च्या राज्यघटनेने ७६ जागा ठेवल्या होत्या, २०२३ च्या दुरुस्तीने १२६ केल्या. २८ जून २०२४ च्या निवडणुकीत त्यातल्या ७८ जागा १३ मोठ्या मतदारसंघांतून भरल्या, प्रत्येक मतदारसंघातून अनेक जण, आणि ४८ पक्षांच्या याद्यांतून. मी १२६ तसेच उचलले. प्रदेशवार वाटपाला ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ एवढंच लिहून पाठवून दिलं. नऊ दिवस काहीच नाही. मग परत: ‘आकडे द्या.’

आकडे मांडायला बसलो तेव्हा पायाखालची वाळू सरकली. आजच्या मंगोलियाची लोकसंख्या साधारण ३५ लाख, बुर्यातियाची ९ लाख ८० हजारांच्या आसपास आणि आतल्या मंगोलियाची सुमारे २ कोटी ४० लाख. भागाकार केला: आतला मंगोलिया १०६, मंगोलिया १६, बुर्यातिया ४. दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा कागदावर हाताने केलं. तेच. वर आतल्या मंगोलियात सहा माणसांत जेमतेम एक मंगोल, बाकी बहुतेक हान, म्हणजे चीनमधले बहुसंख्य लोक. बुर्यातियात तर रशियन जास्त. म्हणजे मी कौतुकाने एकत्र आणलेल्या मंगोल देशात मंगोल लोक तीस टक्केसुद्धा होत नव्हते, आणि उलानबातर, जिथे आज निम्मा मंगोलिया राहतो, त्या राजधानीच्या वाट्याला आठ खासदार.

परीक्षकांचा फोन आला तो याच सुमारास. आवाजावरून निवृत्त माणूस, बोलणं मोजकं. म्हणाले, “अहो, देश मंगोलांचा म्हणता, बहुमत कोणाचं?”

“सर, दुसरं सभागृह करतो. प्रत्येक आयमगला दोन जागा.” आयमग म्हणजे तिकडचा प्रांत, मंगोलियात असे २१ आहेत.

“करा. पण पहिल्या सभागृहात अर्थसंकल्प पडला तर?”

मी म्हटलं, बघतो.

बघता बघता तीन आठवडे गेले. आपल्याकडच्या तोडग्याचाही विचार केला. लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप अजून १९७१ च्या जनगणनेवर अडवून ठेवलंय, लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून. तसंच माझ्या देशात जुन्या जनगणनेवर गोठवलं तर? तेही जमेना. हान वस्ती आतल्या मंगोलियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच वाढत होती, गोठवायचं साल जेवढं मागे नेऊ तेवढं ते खोटं वाटायला लागलं. एक-दोनदा तर वाटलं, मंगोलांच्या मताला दुप्पट वजन देऊन टाकावं. लिहिलंही. सकाळी वाचून स्वतःच खोडलं.

हे सगळं पान सहा आधी भरलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं, एवढंच मला म्हणायचंय. नकाशात कोण आहे हे ठरलं की संसदेचं निम्मं ठरतं. उलटं करत बसलात तर रडाल.

शेवटी जड मनाने आतला मंगोलिया सोडला. ऐतिहासिक वळणही बदललं. मी ज्यासाठी हा देश घेतला होता तेच त्यातून गेलं, हे कबूल करतो. उरला मंगोलिया आणि बुर्यातिया. आता एक्सेल काढलं आणि तीन ओळी केल्या: उलानबातर १७ लाख, बाकी मंगोलिया १८ लाख, बुर्यातिया ९ लाख ८० हजार. जागा आल्या ४७.८१, ५०.६३, २७.५६. पूर्णांकात केल्या: ४८, ५१, २८. बेरीज १२७.

एक खासदार जास्त. फॉर्मचा तो चौकोन लाल झाला आणि ‘पाठवा’चं बटण दाबलंच जाईना. रात्री साडेबाराला मी त्या १२७ कडे बघत बसलो होतो. उपाय साधा आहे, तेव्हा सुचला नाही: आधी अपूर्णांक टाकून द्यायचे, ४७, ५०, २७, म्हणजे १२४. उरलेल्या दोन जागा ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना. उलानबातर ४८, बाकी मंगोलिया ५१, बुर्यातिया २७. जागा गेली ती नेमकी बुर्यातियाची, जो आधीच धाकटा. वाईट वाटलं, पण बेरीज १२६ आली आणि चौकोन हिरवा झाला. (राजधानीला ४८ म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसभेच्या जागा तेवढ्याच. उगाच आठवलं.)

हो, एक राहिलंच. मतदान केंद्रांच्या रकान्यात अडू नका. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “ते मेंढ्यांमागे फिरणारे लोक पेटीकडे येतात की पेटी त्यांच्याकडे जाते?” खऱ्या मंगोलियात आजारी, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे मतदानाच्या आदल्या दिवशी फिरती पेटी जाते. मी ती माझ्या देशात गुराख्यांच्या गेरांपर्यंत, म्हणजे त्यांच्या गोल तंबूंपर्यंत, नेली. त्या रकान्याला पूर्ण गुण मिळाले, अख्ख्या फॉर्ममध्ये तेवढ्याच एकाला.

मंजुरी आली तेव्हा मी डबा घासत होतो. ओल्या हाताने मेल उघडला: ‘विधिमंडळ मंजूर. पान तीन: न्यायसंस्था.’

या वर्षीचा फॉर्म परवा आला. उघडून पाहिला. विधिमंडळ अजून पान दोनवरच आहे.