पाव इंच कमी

गेल्या आठवड्यात इकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, तीन दिवस झड लागली आणि सस्क्वेहाना नदी फुगली. हॅरिसबर्गच्या मापकावर उन्हाळ्यात साडेतीन-चार फूट पाणी असतं, तेव्हा मैलभर रुंद पात्राच्या मधोमध लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून गळ टाकतात. शनिवारी आकडा नऊवर होता. इथे सतराला पूर म्हणतात. मी सांगलीचा, सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर पाणी किती फूट ते बघायची सवय इथे येऊन लागलेली नाही, ती तिथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून बरोबर आणलेली आहे.

शेजारचे आजोबा दुपारी दार वाजवून म्हणाले, "पाणी उतरायला लागलंय, चल." त्यांचं वय 78. त्यांना नावाने हाक मारायला सात वर्षांत माझी जीभ वळलेली नाही, म्हणून मी कुठलीच हाक न मारता थेट समोर जाऊन उभा राहतो. बायको म्हणाली, "एवढ्या पाण्यात? सांगलीत एवढं बघून पोट नाही भरलं?" होडी काढायची नाही, काठावरूनच, असं कबूल करून निघालो.

पाणी चढलं की मासा काठाला येतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे धरायला आम्ही पोरं घमेली आणि आईची जुनी साडी घेऊन पळायचो. पण हातात रॉड आला की माणसाला लांब फेकायचा मोह होतो. मी दणकून नदीच्या मध्यावर फेकलं. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःचा गळ काठापासून आठ-दहा फुटांवर, पाण्यात बुडालेल्या एका झाडाच्या मागे अलगद सोडला.

मधल्या धारेत उभं राहायला माशाला ताकद लागते, तेवढं खाणं तिथे मिळत नाही. म्हणून तो खडकाच्या मागे, बेटाच्या खालच्या टोकाला, ओढा नदीला मिळतो तिथे, पाणी उलटं फिरतं तिथे जाऊन थांबतो. पळतं पाणी आणि थबकलेलं पाणी यांच्यामध्ये फेसाची एक रेघ दिसते. आमिष त्या रेघेवरून आत घसरवायचं, आणि गढूळ पाण्यात तेही सावकाश, कारण माशाला ते सापडायला वेळ लागतो. आजोबांचं आमिष म्हणजे रबराची हिरवट-तपकिरी पोकळ नळी, आत शिशाचं डोकं, मागे झिरमिळ्या.

तिसऱ्या-चौथ्या फेकीला मला स्मॉलमाउथ बास लागला. तांबूस-पितळी अंग, लाल डोळे, आणि दोनदा हवेत उसळी. फोटो काढला, सोडून दिला. या पट्ट्यात बास ठेवायचाच नाही असा नियम आहे. 2005 पासून बासची पिल्लं रोगाने मरू लागली, त्यानंतर आलेला. गंमत म्हणजे हा मासा मूळचा या नदीचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणून सोडलेला. आता त्याच्याशिवाय या नदीची कोणी कल्पना करत नाही. (मी काही सुचवत नाहीये.)

अंधार पडता पडता आजोबांना वॉलआय नावाचा मासा लागला. खायला मिळणारा हाच एक. टॉर्चचा उजेड पडला तसे त्याचे डोळे मांजरासारखे चमकले. डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, म्हणून त्याला गढुळात आणि तिन्हीसांजेला इतरांपेक्षा जास्त दिसतं. माझ्या डोळ्यांपुढे तव्यावरचे तुकडे आले होते. हळद, तिखट, वर रव्याचा हात.

आजोबांनी पट्टी काढली. नियम पंधरा इंचांचा, त्याहून लहान असला तर सोडायचा. तोंड मिटवलं, शेपटीची टोकं चिमटीत जुळवली. पावणेपंधरा. मासा पुन्हा नीट ठेवला, पुन्हा मोजला. पावणेपंधरा. शेपूट जरा ओढली असती तर झाले असते की! आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कुठला गार्ड येतोय अंधारात, थंडीत, नऊ फूट पाण्याच्या काठाला? त्यांनी मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, शेपूट हलली, गेला. मी घरी येईपर्यंत त्याच पाव इंचावर होतो. गाडीत होतो. जेवतानाही होतो. ऑफिसात दहा मिनिटं उशीर झाला तर चालतं, आणि इथे पाव इंच?

आता तुम्ही म्हणाल, बघा, शिस्त. थांबा. आजोबांचा फ्रीज भरलेला आहे. आमच्याकडे जो जाळं टाकतो तो हौसेला टाकत नाही. आणि नियम काय यांनीच शोधलेत? आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात होडी जात नाही, तो काय फक्त सण आहे? हे मी आजोबांना सुनावणार होतो. पण मग साडीत धरलेले ते चढणीचे मासे आठवले. पोटं टम्म असायची, अंड्यांनी. आम्ही त्यांनाच आधी निवडायचो.

परतताना वॉलनट स्ट्रीटच्या जुन्या पुलाशी थांबलो. 1996 च्या जानेवारीत बर्फ घेऊन आलेल्या पुराने त्याचे गाळे नेले, तो अजून अर्धाच आहे. 1972 च्या ॲग्नेस वादळात पाणी बत्तीस फुटांच्या वर गेलं होतं; आजोबा तेव्हा पंचविशीत, आईवडलांचं सामान खांद्यावरून काढत होते. "तुझ्याकडे केव्हा?" त्यांनी विचारलं. मी 2019 म्हटलं, सत्तावन्न फूट म्हटलं. "मग तू काय काय काढलंस?" मी म्हटलं, मी इथे होतो. रस्ते बंद होते, हायवे कोल्हापूरला पाण्याखाली होता, येऊन तरी पोचलो नसतो. हे सगळं खरं आहे. त्यांनी मान हलवली. मी मात्र आणखी बराच वेळ रस्त्यांबद्दलच बोलत राहिलो.

रात्री घरी फोन केला. बाबांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "पाणी किती?"

"नऊ फूट."

"नऊ?" बाबा हसले. "नवाला आम्ही म्हशी धुतो."

प्रत्येक नदीचा शून्य वेगळा असतो, असं मी सांगायला गेलो. त्यांनी फोन आईकडे दिला होता.