चिमूटभर सोडा, दोन पेट्या आणि ज्वारी

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ पर्निसला शेलची रिफायनरी आहे. तिथला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू, २००५ पासून पाइपलाइननं आमच्या शेजारच्या वेस्टलांडमधल्या काचघरांना पुरवला जातो. त्याआधी इथले बागायतदार भर उन्हाळ्यात, उबेची काडीचीही गरज नसताना, फक्त या वायूसाठी गॅस जाळायचे. बाहेरच्या हवेत सीओटू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. काचघरात तो ८०० ते १००० पर्यंत नेला की टोमॅटो आणि ढोबळी मिरची जोर धरतात.

त्यामुळे लेकीला प्रोफीलवेर्कस्टुकसाठी विषय शोधत हिंडावं लागलं नाही: वाढीव सीओटूनं रोपं खरंच जास्त वाढतात का? प्रोफीलवेर्कस्टुक हा इथल्या शाळेतला शेवटचा मोठा प्रकल्प, बहुधा जोडीनं करायचा, प्रत्येकी ८० तासांचा. आदल्या रात्री आईनं चार्ट रंगवून भागत नाही. रोप लावायच्या आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि खरी मजा त्या आराखड्यातच आहे.

लेकीची आणि तिच्या जोडीदारणीची पहिली कल्पना सोपी होती. पन्नास लिटरच्या दोन पारदर्शक पेट्या, दोन्हींत मेथी, एकीत खायचा सोडा आणि व्हिनेगर. मग हिशेब मांडला. ८४ ग्रॅम सोड्यातून सुमारे २४ लिटर सीओटू निघतो. आपल्याला पेटी ४२० वरून १००० वर न्यायची, म्हणजे सीओटू पाहिजे जेमतेम २९ मिलिलिटर. त्याला सोडा लागतो ०.१ ग्रॅम! चहाचा एक चमचा टाकला तर प्रमाण २८ हजारांच्या घरात जाईल. अशा हवेत माणसाचंही डोकं ठणकेल.

त्याहून गमतीची गोष्ट पुढे. १००० पीपीएमच्या बंद पेटीतला सगळा सीओटू रोपांनी संपवला, तरी त्यातून ०.०६ ग्रॅमसुद्धा वाळलेला पाला तयार होत नाही. साध्या हवेच्या पेटीत तर त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे झाकण लावून निवांत बसलं तर दोन्ही पेट्यांत रोपांची उपासमारच. रोज पेट्या उघडायच्या, मीटर बघायचा, लागेल तसा वायू द्यायचा. मीटरची चिंता नाही. कोविडनंतर वर्गावर्गात ते टांगलेले आहेत.

शिवाय व्हिनेगरची वाफ रोपांना बाधते. म्हणून अभिक्रिया बाहेर बाटलीत करायची आणि वायू पाण्यातून धुऊन सिरिंजनं आत सोडायचा. पेट्यांच्या जागा अधूनमधून बदलायच्या. शेवटी उंची नाही, वाळवलेलं वजन मोजायचं, कारण अंधारात लांबुडकं झालेलं रोपही उंच दिसतं. आणि एका पेटीत वीस कुंड्या ठेवल्या म्हणून वीस प्रयोग होत नाहीत. पेटी एकच, तर प्रयोग एकच. हा मुद्दा शिक्षकांनी काढला आणि पेट्या दोनाच्या सहा झाल्या. मला विचाराल तर अख्ख्या आराखड्यातला सगळ्यात मोलाचा बदल हाच.

ज्वारी मात्र लेकीची. द हेगच्या पॉल क्रुगरलानवरच्या दुकानातून मेथीदाण्यासोबत तिनं ज्वारीही उचलली. प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून पाहिलं तर मेथी सी-३ गटातली, वाढीव सीओटू तिला मानवतो. ज्वारी सी-४, मका-उसाच्या पंगतीतली. ती आपल्या पानातच सीओटू गोळा करून एकवटते, त्यामुळे पाणी पुरेसं असलं की बाहेर तो वाढल्याचं तिला फारसं सोयरसुतक नसतं.

व्हिडिओ कॉलवर हे ऐकून मंगळवेढ्याचे आबा बुचकळ्यात पडले. "फरक पडणार न्हाई म्हंतीस, मग पेरतीस कशाला गं?"

"आबा, त्या पेटीत ज्वारीपण जास्त वाढली ना, तर समजायचं की करामत सीओटूची नाही. पेटी गरम झाली असेल, नाहीतर आत दमट झालं असेल."

आबांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न टाकला: "आन् ऊन?"

प्रश्न बिनतोड होता. उजेड कमी पडला तर वाढीव सीओटूचा फायदाही घटतो, आणि इथं नोव्हेंबरअखेर साडेचारला सूर्य मावळतो. सहाही पेट्यांवर सारखे एलईडी दिवे, सारखे तास, अशी ओळ त्याच संध्याकाळी आराखड्यात गेली. दिवे मागवलेत, यायचे आहेत.