नामपृष्ठावर १८४६, बाजारात १८४८

तपासणीसाठी आलेल्या पुस्तकासोबत मालकांची चिठ्ठी होती: शार्लट, एमिली आणि ॲन या ब्राँटे भगिनींचं पहिलं पुस्तक, एक कवितासंग्रह; पहिल्या खेपेची, म्हणजे मूळ प्रकाशकाच्या नावाने निघालेली प्रत. नामपृष्ठावर करर, एलिस आणि ॲक्टन बेल ही तिघींची टोपणनावं आणि १८४६ हे साल, दोन्ही बरोबर. पण प्रकाशक म्हणून छापलं होतं स्मिथ, एल्डर आणि कंपनी, ६५ कॉर्नहिल. हे जुळत नव्हतं.

मे १८४६मध्ये हा कवितासंग्रह काढला एलॉट अँड जोन्सनी, ८ पॅटरनॉस्टर रो या पत्त्यावरून. छपाईचे पैसे बहिणींनीच भरले: आधी ३१ पौंड १० शिलिंग, मग आणखी ५ पौंड. हजार प्रती, १६५ पानं, किंमत ४ शिलिंग. वर्षभरात खपल्या दोन.

स्मिथ, एल्डरशी शार्लटचा संबंध आला तो थेट जुलै १८४७मध्ये, तिच्या ‘द प्रोफेसर’ या कादंबरीचं बाड त्यांच्याकडे गेलं तेव्हा. ते त्यांनी नाकारलं, पण तीन खंडांची कादंबरी असेल तर वाचू, असं कळवलं. ऑगस्टअखेर ‘जेन एअर’चं हस्तलिखित रवाना झालं आणि ऑक्टोबरात कादंबरी बाजारात आली. तिचं नाव झाल्यावर, १८४८मध्ये, याच प्रकाशकांनी एलॉटकडे पडून असलेल्या ९६१ प्रती घेतल्या. त्यांनी नामपृष्ठ नवं छापलं, साल मात्र जुनंच राहू दिलं. घोटाळा होतो तो यामुळेच.

खात्री करायला मी पहिला फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा पहिला गठ्ठा, तपासला. पुस्तक फोमच्या उतारावर ठेवून जेमतेम ९० अंश उघडायचं; जास्त उघडलं तर जुना कणा तडकतो. शिवणीजवळ भिंगातून पाहिलं, तर नामपृष्ठ फर्म्यातल्या जोडपानाशी, म्हणजे त्याच घडीच्या दुसऱ्या अर्ध्याशी, सलग नव्हतं. जुनं पान कापून उरलेल्या अरुंद पट्टीवर नवं चिकटवलेलं होतं. मागून उजेड धरल्यावर त्याचा कागदही शेजारच्या पानांपेक्षा वेगळा दिसला.

या खेपेच्या मूळ कापडी बांधणीवर हार्प या तंतुवाद्याचा ठसा असतो, पण ही प्रत पुढे कधीतरी चामड्यात बांधलेली, त्यामुळे तो पुरावा गेलेला. खेप ठरवताना शुद्धिपत्राच्या चिठ्ठीवर मी कधीच भिस्त ठेवत नाही. ती सुटी असते, गळून पडते, आणि दुसऱ्या प्रतीतली आणून लावताही येते.

हजारातून ९६१ वजा केल्या की उरतात ३९. त्यांतच विकलेल्या, परीक्षणासाठी गेलेल्या आणि शार्लटने टेनिसन, डी क्विन्सी या लेखकांना भेट पाठवलेल्या प्रती आल्या. एलॉटच्या नावाची प्रत इतकी दुर्मीळ का, ते या आकड्यांतच आहे. तरी मला ही दुसऱ्या खेपेची प्रत कमी मोलाची वाटत नाही. गोदामात पडलेले कागद एका कादंबरीने पुन्हा दुकानात आणले, हे तिच्या त्या चिकटवलेल्या पानावर हात ठेवून दाखवता येतं.

नोंदीत लिहिलं: पहिली आवृत्ती, दुसरी खेप, नामपृष्ठ बदललेलं, छापील साल १८४६, प्रत्यक्ष विक्री १८४८पासून. मालकांना त्या पट्टीचा फोटोही पाठवला.