गंजावरून अडलेला क्लेम

पावसाळ्यात गोव्यात उघडं पडलेलं लोखंड किती लवकर गंजतं, हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या गाडीच्या विमा कंपनीला मात्र तेच पटवून देण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. उद्या ही पाळी दुसऱ्या कुणावर आली तर त्याच्या हाती काहीतरी असावं, हेही आहेच.

जूनमध्ये सासूबाईंना घेऊन मी म्हापशाहून डिचोलीला परतत होते. अस्नोड्याजवळच्या वळणावर समोरून येणारी रेंट-अ-कार घसरून आमच्या बाजूला आली आणि गाडीच्या उजव्या कोपऱ्यावर आदळली. पट्टे लावलेले होते म्हणून दोघी वाचलो, पण सासूबाईंनी डॅशबोर्डला टेकवलेला हात मनगटात मोडला. १०८ वेळेवर आली आणि त्यांना आझिलोत घेऊन गेली (नवं जिल्हा इस्पितळ होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या तोंडी आझिलोच आहे). पोलिसांनी पंचनामा केला, गाडी टो होऊन वर्कशॉपला गेली, त्याच संध्याकाळी हेल्पलाइनवरून क्लेम नंबर मिळाला. इथवर माझी कुणाबद्दलही तक्रार नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी भाड्याची असते. चालवणारा एक, मालक दुसरा, आणि चालवणारा बहुतेक वेळा चार दिवसांत आपल्या गावी निघून जातो. म्हणून जागेवरच त्याचं लायसन्स, गाडीची आरसी आणि पॉलिसी यांचे फोटो घ्या. माझ्या दिरांनी पोचल्या पोचल्या हे केलं, त्याचा पुढे फार उपयोग झाला. दुखापतीच्या भरपाईचा दावा करताना चालक, मालक आणि त्या गाडीची विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार करावं लागतं.

आता गाडीचं. कंपनीने नेमलेले, नुकसान तपासून रिपोर्ट देणारे सर्व्हेयर दुसऱ्या दिवशी आले. बंपर, बोनेट, हेडलाइट, फेंडर असं बाहेरून दिसलं तेवढं लिहून घेतलं आणि "उघडल्यावर कळवा, परत येतो" म्हणून गेले. ही नेहमीचीच पद्धत आहे. आतलं नुकसान निघालं की वर्कशॉप सप्लिमेंटरी एस्टिमेट पाठवतं आणि सर्व्हेयरनी येऊन ते तपासायचं असतं.

बंपर काढला त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून वर्कशॉपला गेले. फिटरनी टॉर्च मारून दाखवलं. रेडिएटर ज्यावर बसतो ती खालची आडवी पट्टी, क्रॉस मेंबर म्हणतात ती, उजवीकडे मुडपली होती. घडी पडली तिथले रंगाचे पोपडे उडून आतला पत्रा नव्या भांड्यासारखा लखलखत होता. शेजारी एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत हेडलाइटच्या ब्रॅकेटचा तुकडा रुतून बसला होता. "टीचर, फोटो आत्ताच काढून ठेवा," फिटर म्हणाले, "पाऊस लागलाय." मी जवळून काढले, लांबून काढले, एकात नंबर प्लेटही येईल असे काढले, आणि रात्री एस्टिमेटसोबत कंपनीला मेल केले. परत तपासणीला या, असं त्यात स्पष्ट लिहिलं.

त्यानंतर कुणी फिरकलंच नाही. कंपनीत फोन केला की सांगायचे, सर्व्हेयरना कळवलं आहे. सर्व्हेयर म्हणायचे, मला कंपनीकडून काही आलेलं नाही. वर्कशॉपवाले म्हणायचे, तपासणी झाल्याशिवाय हात लावता येत नाही. दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि त्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायची. गाडी तोवर शेडच्या कडेला उभी होती आणि तिथे झड यायची. मी जाऊन पाहायचे तेव्हा त्या घडीवरचा तांबूस डाग आधीपेक्षा मोठा झालेला असायचा.

शेवटी एकदाचे सर्व्हेयर आले. घडीवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला गंज लागला, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की क्रॉस मेंबरचं नुकसान जुनं आहे. कंडेन्सरही त्याच ओळीत वजा. यांनी उशीर केला म्हणून गंज चढला, आणि तोच गंज यांनी आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला! त्या दिवशी मला जो संताप आला तो अपघाताच्या दिवशीही आला नव्हता.

पाठोपाठ कंपनीकडून व्हाउचर आलं. कमी केलेली रक्कम, आणि खाली "पूर्ण व अंतिम" असे शब्द. सही करा, लगेच डीओ (गाडी सोडायला वर्कशॉपला द्यायचं कंपनीचं पत्र) देतो, गाडी घेऊन जा, असा आग्रह. मी सही केली नाही. नंतर कळलं की असं व्हाउचर दाखवून ग्राहकाचा दाद मागण्याचा हक्क काढून घेता येत नाही, असं विमा नियामकाचं २०१५ चं परिपत्रकच आहे. गाडीची फारच निकड असेल आणि सही करावीच लागली, तर "रक्कम मान्य नाही, हक्क राखून" असं सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा.

फोन बंद केले आणि सगळं लेखी सुरू केलं, तेव्हाच काम हललं. आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली. ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि ती हातात आल्याशिवाय भांडता येत नाही. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. त्यांचा पत्ता पॉलिसीच्या कागदांतच छापलेला असतो. पत्रात राग काढला नाही, फक्त तारखा मांडल्या: बंपर उघडल्याची जॉब कार्डवरची (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवरची), माझ्या मेलची, सर्व्हेयर आल्याची. चकचकीत पत्र्याचा फोटो आणि गंजलेल्या पत्र्याचा फोटो एकाच पानावर शेजारी लावले. २०२४ च्या नियमांचाही उल्लेख केला: क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, १५ दिवसांत रिपोर्ट, आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत निर्णय. रिपोर्ट वेळेत मिळवणं ही कंपनीची जबाबदारी आहे, ग्राहकाची नव्हे.

त्या पत्रानंतर दुसरे सर्व्हेयर आले. त्यांनी फोटो पाहिले, जॉब कार्ड पाहिलं, आणि दोन्ही पार्ट मंजूर केले. त्या संध्याकाळी मी वर्कशॉपमध्येच फिटरना चहा पाजला. त्यांच्या एका वाक्यावर माझा क्लेम उभा होता.

नाही ऐकलं तर पुढची पायरी विमा लोकपाल. गोव्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, पण तक्रार घरबसल्या करता येते आणि तिला फी नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं, म्हणून ती तारीख सांभाळा.

सगळं मंजूर झालं तरी पूर्ण बिल मिळत नाही. झीरो डेप (जुनेपणाची कपात न करणारं जादा कवच) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी कपात होते. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार: चौथ्या वर्षात २५ टक्के, पाचव्यात ३५. काचेवर कपात नाही. हे आधी ठाऊक असलं की वर्कशॉपच्या काउंटरवर धक्का बसत नाही.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. पॉलिसीतलं १५ लाखांचं सक्तीचं अपघात कवच फक्त मालक-चालकाचं असतं, आणि तेही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. शेजारी बसलेल्याच्या मोडलेल्या हाताला त्यातून काही मिळत नाही. मनगटात प्लेट घालायचं ऑपरेशन खाजगी हॉस्पिटलात झालं, ते मेडिक्लेममधून सुटलं. पण मेडिक्लेमवाले मूळ बिलं ठेवून घेतात, म्हणून देण्याआधी सगळ्याच्या साक्षांकित प्रती करून घ्या.

बाकी खर्च आणि त्रास यांसाठी समोरच्या गाडीच्या विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला आहे. कायद्यात ६ महिन्यांची मुदत आहे, गाडीच्या भांडणात ती विसरू नका. चालक परराज्यातला असला तरी आपल्याला तिकडे जावं लागत नाही. अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे अर्ज करता येतो. सुनावण्या अजून चालू आहेत. वकिलांनी सासूबाईंच्या फिजिओथेरपीच्या पावत्या मागितल्या आहेत, आणि हॉस्पिटलला नेण्या-आणण्याच्या टॅक्सीच्याही. तेव्हा टॅक्सीवाल्याकडून पावती घ्यायला लाजू नका.